चंचल हृदयाचा उपचार : एक अल्पसा इतिहास

या स्मरणिकेत आजवर आम्ही घराणी, गावे व देवस्थाने यांविषयी लिहीत आलो. यंदा विषय निराळा घेतला, त्यास कारण घरगुती आहे. आमच्या ज्येष्ठ बंधूंना एट्रियल फिब्रिलेशन नामक हृद्विकार जडला. येथे नागपुरातच त्यांच्यावर कॅथेटरद्वारे ॲब्लेशन झाले, आणि अकरा महिन्यांनी विकार परत आला. ‘एवढा पैसा पाण्यात गेला’ असे घरची मंडळी बोलू लागली. आम्ही जुने अकरावी मॅट्रिक, वैद्यकात आमची गती ती काय? तथापि इतिहासाच्या मास्तराला सन व क्रम लावण्याची खोड असते, तीच येथे उपयोगी पडली.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांस कर्णिका म्हणतात. या विकारात त्या तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसत्या थरथरतात. नाडी अनियमित होते, साकळलेल्या रक्ताची गुठळी बनते, आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. १७८५ साली इंग्लंडात विदरिंग या वैद्याने डिजिटॅलिस वनस्पतीवर ग्रंथ लिहिला. त्या औषधाने नाडीचा वेग आवरे, परंतु ताल परत येत नसे. पुढे हॉलंडच्या आइंटहोव्हेनने हृदयाचा विद्युत्-आलेख काढण्याचे यंत्र सिद्ध केले आणि १९०९ मध्ये लंडनच्या थॉमस ल्युइसने त्या आलेखावरून ही थरथर ओळखली. शत्रूची ओळख पटली, पण त्याचा ठावठिकाणा कळावयास आणखी नव्वद वर्षे जावी लागली.

१९८७ साली अमेरिकेत जेम्स कॉक्स यांनी छाती उघडून कर्णिकांत चक्रव्यूहासारखे छेद घेतले, जेणेकरून भरकटलेल्या विद्युत्-लहरींची वाट अडावी. उपाय गुणकारी, पण फार जड. खरा उलगडा १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे झाला. हाइसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्ण तपासले, उपद्रवाची ६९ उगमस्थाने शोधली, आणि त्यांपैकी ९४ टक्के फुप्फुसांकडून डाव्या कर्णिकेत येणाऱ्या शिरांत आढळली. मग मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेऊन ती स्थाने डागण्याची रीत रूढ झाली. प्रथम शिरेच्या आत डागत. त्याने शिरा आकसू लागल्या, म्हणून डाग बाहेर, शिरेच्या मुखाभोवती कड्यासारखे देऊ लागले.

परंतु कडे अखंड राहीना. डागलेला भाग भरून आला की मध्ये फट राहते आणि लहर पुन्हा निसटते. त्याच बोर्दोच्या मंडळींनी २०११ मध्ये १०० रुग्णांचा पाच वर्षांचा हिशोब प्रामाणिकपणे मांडला : एकाच ॲब्लेशनने पाच वर्षांअखेर निर्वेध राहिलेले २९ टक्के, गरजेप्रमाणे पुन्हा केल्यावर ६३ टक्के. आम्हांस हा आकडा वाचून धक्का बसला आणि धीरही आला. बंधूंचे झाले ते काही आक्रित नव्हते.

अधिक डागले तर अधिक गुण येईल, असे कोणासही वाटेल. २०१५ साली ५८९ रुग्णांवरील परीक्षेत ते खोटे ठरले. शिरांखेरीज जादा रेघा ओढून लाभ झाला नाही. पुढे नळीच्या टोकाचा दाब मोजणारी साधने आली, गोठविणारा फुगा आला, आणि विद्युत्-स्पंदांची नवी पद्धत आली, जिला अमेरिकेत २०२३ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. तिच्या मोठ्या परीक्षेत वर्षाअखेरचे यश सुमारे ७३ टक्के, तर उष्णता वा शीत वापरणाऱ्या पद्धतींचे ७१. हत्यार बदलले, फरक मात्र थोडा.

मग खोट कोठे? १९९५ साली हॉलंडमधील मास्ट्रिख्ट येथे बकऱ्यांच्या कर्णिकांत मुद्दाम ही थरथर उत्पन्न केली, तेव्हा ती जितकी चालू राहिली तितकी अधिक चिवट झाली. म्हणजे हृदयास तिची सवय लागते. दिरंगाई करणाऱ्याला गुण कमी. आणि जमीन सुधारल्यावाचून तण उपटण्यात अर्थ नाही, हे ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या वैद्यांनी दाखविले. २०१५ च्या त्यांच्या पाहणीत ३५५ स्थूल रुग्ण होते. वजन दहा टक्के किंवा अधिक उतरविणाऱ्यांस विकारमुक्त राहण्याची शक्यता सहापट आढळली. रक्तदाब, मधुमेह, झोपेत श्वास अडकणे, मद्य, ही सारी त्याच जमिनीतली. रक्तदाबापुरते सांगावयाचे तर मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्येच सर्पगंधेवरील आपला निबंध प्रसिद्ध करून जगाचे लक्ष वेधले होते.

आता एक गोष्ट संकोच सोडून सांगतो. ॲब्लेशननंतर ताल सुधारला म्हणून बंधूंनी रक्त पातळ करणारी गोळी कोणास न विचारता बंद केली. एके सकाळी चहा घेताना त्यांची जीभ जड झाली. तातडीने नेल्यामुळे तासाभरात वाचा परत आली. पक्षाघाताची भीती केवळ तालावर नव्हे, तर वय, रक्तदाब, मधुमेह यांवरही ठरते. म्हणून गोळी थांबवावी की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. हे घरात आम्हांस आधी ठाऊक असते तर!

दुसऱ्या वेळी दोन शिरांची कडी फुटलेली आढळली व ती सांधली गेली. त्यापूर्वी बंधूंनी आठ किलो वजन उतरविले. सावजीचा रस्सा महिन्यातून एकदा, सकाळी अंबाझरीला फेरी, आणि रात्री घोरण्यावर यंत्राचा मुखवटा, ज्याला नातवंडे हसतात. वजन, रक्तदाब व नाडी यांचा तक्ता आम्हीच ठेवतो, जुन्या हजेरीपटावर. या महिन्यात त्याचे चौदावे पान सुरू आहे.