फॅमिली रूमचा पडदा

गेल्या रविवारी एका नव्या हॉटेलच्या दारावर पाटी दिसली: 'रात्री ८ नंतर १२ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही.' सोबत बहीण आणि तिची चार वर्षांची मुलगी. परत फिरलो. रिक्षात बहीण म्हणाली, "म्हणजे अजून आठ वर्षं मीही रात्री बाहेर जेवायचं नाही!" ते वाक्य डोक्यातून जाईना.

मंडळी, आपल्याकडे हॉटेल ही मुळात पुरुषांची जागा. कुटुंब गावी ठेवून मुंबईच्या गिरणीत, गोदीत आलेल्या माणसावर खाणावळी आणि इराणी हॉटेलं चालली. घरच्या बाईनं हॉटेलात बसून खाणं बरं दिसत नसे. मग 'फॅमिली रूम' आली. लाकडी पार्टिशन, नाहीतर पोटमाळा, आणि पुढे पडदा. आज हसू येतं. पण माझ्या आजीनं हॉटेलात बसून पहिला बनमस्का खाल्ला तो याच पडद्यामागे, माझ्या वडिलांना मांडीवर घेऊन. बाई आणि मूल हॉटेलात आली ती जोडीनंच.

दुसरं दार जातीचं होतं. कितीतरी हॉटेलांत दलितांना प्रवेश नसे, असला तर कपबशी वेगळी. राज्यघटनेच्या कलम १५(२) नं दुकानं, हॉटेलं, उपाहारगृहांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून अडवणूक बंद केली. १९५५ च्या कायद्यानं तो गुन्हा ठरवला. या यादीत वय नाही, आणि मुलांवरच्या पाटीची बरोबरी मी अस्पृश्यतेशी करणारही नाही. पण 'हॉटेल माझं, मर्जी माझी' एवढं कारण पुरत नाही, हे आपण तेव्हाच ठरवलं ना?

दक्षिण कोरियात असे 'नो किड्स झोन' बरेच आहेत. जेजू बेटावरच्या एका हॉटेलानं १३ वर्षांखालच्या मुलांना नाकारलं, तेव्हा २०१७ मध्ये तिथल्या मानवाधिकार आयोगानं त्याला भेदभाव म्हटलं.

मालकांचीही बाजू आहे. उकळत्या सांबाराची बादली घेऊन निघालेल्या वेटरच्या पायात पोर आलं तर? परमिट रूममध्ये मुलं नकोत, हेही मान्य. पण मग पाटी वागण्याबद्दल लावा: 'मुलांना टेबलांमधून पळू देऊ नका.' न ऐकणाऱ्या आईबापांना बाहेर काढा, मी टाळ्या वाजवीन. आईबापांनीही मोबाइल खाली ठेवून पोराकडे बघावं.

सरसकट बंदीत मूल एकटं बाहेर राहत नाही. त्याला सांभाळणारंही राहतं, आणि आपल्या घरांत ती बहुतेक वेळा आईच असते. पडद्यामागून टेबलापर्यंत यायला तिला दोन पिढ्या लागल्या. आता तिला परत घरी पाठवायचं?

तुमच्या गावच्या हॉटेलात फॅमिली रूम होती का? आठवत असेल तर लिहा.