तळटीप : राणी केतेवानचे अवशेष

जुन्या गोव्यात सापडलेले हाड जॉर्जियातील काखेतीच्या राणी केतेवानचेच कशावरून, हा प्रश्न लेखकाने एका वाक्यात उरकला आहे. तो इतका सोपा नाही. इराणचा शहा अब्बास पहिला याने धर्मांतरास नकार देणाऱ्या या राणीला १६२४ मध्ये शिराझ येथे हालहाल करून मारले. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गोव्याच्या आपल्या मठात आणले. पोर्तुगीज कागदपत्रांत जागाही नोंदलेली आहे : मठातील चॅप्टर चॅपेल, दुसऱ्या खिडकीतली दगडी पेटी. परंतु १८३५ नंतर मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि त्या खुणा ढिगाऱ्यात गाडल्या गेल्या.

पुरातत्त्व खात्याच्या या मठातील उत्खननात मिळालेले हाड हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने तपासले. त्यातला मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे केवळ आईकडून येणारा वारसा, यू१बी गटाचा निघाला. हा गट भारतात आढळला नाही. जॉर्जिया व आसपास आढळतो. मात्र एकाच गटात असंख्य माणसे असतात, त्यामुळे एवढ्याने व्यक्तीची ओळख पटत नाही. संशोधकांनीही ‘शक्यता’ असाच शब्द वापरला. माझ्या मते खरा भार आहे तो कागदोपत्री जागा आणि डीएनए यांच्या जुळण्यावर. दोहोंपैकी एकच पुरावा असता तर मी हा दावा स्वीकारला नसता. २०२१ मध्ये भारताने या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला सुपूर्द केला. — संपादक