सोलापूरच्या ढगांतला धूर

हवेचा कल ओळखायला सोलापूरच्या जुन्या पिढीला गिरणीचे धुराडे पुरेसे असे. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू अशा गिरण्यांची धुराडी शहरावर उभी राहिली. थंडीच्या दिवसांत पहाटे त्यांचा धूर आडव्या पट्ट्यासारखा तरंगत राही. वैशाखातल्या दुपारी मात्र तोच धूर वर-खाली हेलकावे खात बघता बघता विरून जाई. याचे कारण हवेतली खळबळ. रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होऊन स्वस्थ बसते. दुपारी काळी जमीन तापली की हवेत लहानमोठे भोवरे उठतात आणि धुराच्या चिंध्या करतात.

या विखुरण्याचा हिशेब लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये मांडला. धुराचा लोट लहान असतो तेव्हा मोठा भोवरा त्याला अख्खाच उचलून नेतो. फक्त लहान भोवरे त्याला फाडतात. लोट पसरला की मोठे भोवरेही त्याला फाडू लागतात. म्हणजे धूर जितका पसरतो, तितका तो अधिक वेगाने पसरतो. दोन कणांतले अंतर दहापट झाले, तर विखुरण्याचा जोर सुमारे वीसपट होतो.

आता हे गणित सोलापूरच्या शेतकऱ्यापर्यंत कसे आले, ते पाहू. सह्याद्रीने पाऊस अडवल्यामुळे आपला भाग पर्जन्यछायेत येतो. महाबळेश्वरला जितका पाऊस पडतो, त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आपल्या वाट्याला येतो. ढग येतात, पण न बरसता पुढे जातात. १९७२ च्या दुष्काळाने हे दुःख साऱ्या महाराष्ट्राला दाखवले. त्यानंतर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बारामती परिसरात विमानातून ढगांत मिठाची बारीक पूड फवारण्याचे प्रयोग केले. १९७३ ते १९८६ या काळात असे अकरा पावसाळे झाले.

त्या प्रयोगाची आखणी मोठी शहाणपणाची होती. शेजारचे दोन भाग निवडून रोज चिठ्ठी टाकल्याप्रमाणे एकाच भागावर फवारणी होई. दुसरा तुलनेसाठी राखलेला असे. दोन्हींच्या मध्ये मोकळा पट्टा ठेवला होता, कारण वाऱ्यावर पसरणारे मीठ शेजारच्या हद्दीत गेले तर तुलनाच बिघडेल. निष्कर्ष निघाला, पावसात सुमारे २४ टक्के वाढ.

पुढे याच संस्थेने २००९ मध्ये 'कायपिक्स' ही मोहीम हाती घेतली आणि २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत तिचा तळ सोलापूर होता. या वेळी विमानाच्या पंखाखाली नळकांडी पेटवून ढगाच्या तळाशी, हवा जिथे वर चढत असते तिथे, कॅल्शियम क्लोराइडचा धूर सोडला. हे कण ओलावा ओढून घेतात, त्यांच्याभोवती मोठे थेंब धरतात आणि ते लहान थेंबांना गिळत खाली येतात. पण धूर ढगात नेमका किती शिरला, किती बाहेर उधळला, हे ठरवणारा तोच भोवऱ्यांचा खेळ! म्हणून एकदोन ढग पाहून भागत नाही. एकूण २७६ ढग निवडले गेले. कोणावर धूर सोडायचा आणि कोणाला तसेच ठेवायचे, हे नशिबावर सोपवले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वाऱ्याच्या दिशेने १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढला. काही ठिकाणी ही वाढ ४६ टक्क्यांपर्यंत होती.

म्हणून दुष्काळात 'कृत्रिम पाऊस पाडणार' अशी घोषणा झाली, की आपण दोन प्रश्न विचारावेत. आभाळात योग्य ढग आहेत का? कारण धुराने ढग तयार होत नाहीत. निरभ्र आकाशाखाली विमान नुसतेच घिरट्या घालते. आणि तुलनेसाठी काही ढग तसेच राखले आहेत का? विमान उडाले आणि संध्याकाळी सर आली, एवढ्यावरून तो पाऊस विमानाचा ठरत नाही. पाणी मोजून पिणाऱ्या आपल्या जिल्ह्याने हा हिशेबही मोजूनच घ्यायला हवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)