नवा रायपूर : परदेशस्थांची सदनिका-खरेदी

छत्तीसगडच्या नियोजित राजधानीत परदेशी राहणाऱ्या भारतीयाने किंवा परकीय नागरिकाने निवासी सदनिका विकत घेण्याचा व्यवहार. कोणाला खरेदी करता येते व पैसा कोणत्या वाटेने यावा, हे केंद्राचा परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ (फेमा) आणि त्याखालील २०१९ चे नियम ठरवतात. जमिनीचा दर्जा, मुद्रांक व नोंदणी यांबाबत राज्याचे नियम लागू होतात. जाहिरातीतल्या ‘लक्झरी’ या शब्दाला कायद्यात अर्थ नाही. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ (रेरा) फक्त चटई क्षेत्र ओळखतो.

परिसर : छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी स्थापन झाले. त्यानंतर जुन्या रायपूरच्या आग्नेयेस नव्या शहराची आखणी झाली. दोन शहरांच्या मध्ये माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळ आहे. २०१२ मध्ये मंत्रालय महानदी भवनात हलले. अटलबिहारी वाजपेयी यांच्या निधनानंतर, २०१८ मध्ये शहराला अटल नगर हे नाव देण्यात आले. विधानसभेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन १ नोव्हेंबर २०२५ रोजी झाले. आयआयआयटी, हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ, बालको कर्करोग रुग्णालय आणि शहीद वीर नारायण सिंह क्रिकेट मैदान हीही येथेच आहेत. नागपूरकर भोसल्यांची सत्ता आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेले मध्य प्रांत व जुना मध्य प्रदेश यांमुळे रायपुरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. येथील महाराष्ट्र मंडळ १९३५ चे आहे.

कायद्याची वाटचाल : १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याच्या (फेरा) कलम ३१ प्रमाणे परकीय नागरिकाला भारतात स्थावर मालमत्ता घेण्यास, विकण्यास किंवा दान देण्यास रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागे. १ जून २००० पासून फेमा लागू झाला. जुन्या कलमाची धार मात्र नंतरही जाणवली : बंगळुरूतील एका मालमत्तेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०२१ रोजी अशा परवानगीविना झालेला फेराकालीन व्यवहार अवैध ठरवला. जुने दानपत्र किंवा खरेदीखत साखळीत असेल, तर तेव्हाचा मालक कोणत्या देशाचा नागरिक होता हे म्हणूनच तपासले जाते.

पात्रता : (१) अनिवासी भारतीय आणि ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्डधारक यांना परवानगीशिवाय कितीही सदनिका घेता येतात; मात्र शेतजमीन, फार्महाऊस व मळा यांची खरेदी त्यांना वर्ज्य आहे. वारसाहक्काने शेतजमीन येऊ शकते. (२) त्यांच्या परकीय जोडीदाराला त्यांच्यासोबत संयुक्त नावाने एक मालमत्ता घेता येते. विवाह नोंदणीकृत आणि खरेदीपूर्वी सलग किमान दोन वर्षे टिकलेला हवा. (३) भारतीय वंशाचा नसलेला परकीय नागरिक नोकरी-व्यवसायासाठी भारतात राहत असेल आणि आधीच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक काळ येथे राहिला असेल, तर फेमाच्या दृष्टीने तो निवासी ठरतो व सदनिका घेऊ शकतो. पर्यटक व्हिसावर आलेल्याला ही मुभा नाही. (४) पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, अफगाणिस्तान, चीन, इराण, नेपाळ, भूतान, हाँगकाँग, मकाऊ व उत्तर कोरिया येथील नागरिकांना पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यापलीकडे काहीही घ्यायचे तर रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. ओसीआय कार्डधारकांना हा निर्बंध नाही.

दीर्घ मुदतीचा व्हिसा : चौथ्या गटाला असलेला अपवाद रायपूरला विशेष लागू पडतो. फाळणीनंतर येथे मोठा सिंधी समाज स्थिरावला. शहरातील शदाणी दरबाराचे मूळ पीठ सिंधमधील हयात पिताफी येथे असून २०२५ पर्यंत दोन्हीकडून यात्रेकरूंचे जत्थे जात-येत असत. पाकिस्तानातून आलेली हिंदू कुटुंबे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर (एलटीव्ही) येथे राहतात. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने ज्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले, त्यांत नागपूर, पुणे, ठाणे यांच्यासोबत रायपूरही होते.

पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती एलटीव्हीधारकांना राहण्यासाठी एक आणि स्वयंरोजगारासाठी एक अशी मालमत्ता घेता येते. मालमत्ता छावणी, प्रतिबंधित किंवा संरक्षित क्षेत्रात नसावी. पैशाचा स्रोत सांगणारे घोषणापत्र जिल्ह्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे द्यावे लागते. नोंदणीच्या दस्तात राष्ट्रीयत्व व एलटीव्ही यांचा उल्लेख करावा लागतो. कागदपत्रांची प्रत परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाकडे व केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जाते. भारतीय नागरिकत्व मिळण्याआधी घर विकायचे तर पूर्वमंजुरी लागते. पंधरा वर्षे याच गावात दुकान चालवणाऱ्या एलटीव्हीधारकाला एकच घर घेता येते, तर वर्षातून आठ दिवस येणाऱ्या ओसीआयधारकाला हवी तितकी. नियमांतील ही विषमता ठळक आहे.

जमिनीचा दर्जा : नव्या रायपूरच्या व्यवहारात जोखीम बहुधा इमारतीपेक्षा जमिनीत असते. शहर गावांच्या शेतजमिनीवर उभे राहिले. मोबदला व पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी बाधित शेतकऱ्यांनी जानेवारी २०२२ पासून दीर्घ आंदोलन केले. सेक्टरमधील जमीन नवा रायपूर अटल नगर विकास प्राधिकरणाच्या आखणीत येते. तेथे भूखंड भाडेपट्ट्याचा की पूर्ण मालकीचा, आणि पट्टा असल्यास हस्तांतरणाच्या अटी काय, हे दस्तात पाहावे लागते. हद्दीबाहेरच्या गावांत मात्र शेतजमिनीवरच ‘फार्महाऊस’ किंवा ‘वीकेंड होम’ विकले जाण्याचा संभव असतो, आणि तशी खरेदी अनिवासी भारतीयाला फेमाने निषिद्ध आहे. महाराष्ट्रात ज्याला एनए (बिगरशेती) म्हणतात, त्याला येथे ‘डायव्हर्शन’ म्हणतात. तलाठ्याच्या जागी पटवारी, सातबाऱ्याच्या जागी खसरा व बी-१, फेरफाराच्या जागी नामांतरण, खरेदीखताच्या जागी ‘रजिस्ट्री’ आणि रेडी रेकनरच्या जागी ‘गाइडलाइन दर’ हे शब्द येथील कार्यालयांत चालतात.

खरेदीची पद्धत : प्रकल्पाची नोंद छत्तीसगड रेरा प्राधिकरणाकडे असावी लागते. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ताब्यानंतर पाच वर्षे बांधकामातील दोषांची जबाबदारी विकासकाची असते. पैसे परदेशातून बँकेमार्फत किंवा एनआरई व एफसीएनआर (परदेशी कमाईच्या) किंवा एनआरओ (भारतातील उत्पन्नाच्या) खात्यांतून द्यावेत. परकीय नोटा व प्रवासी धनादेश चालत नाहीत. पॅन आवश्यक असतो.

खरेदीदार येऊ शकत नसेल तर मुखत्यारपत्र करतात. ते परदेशातील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपोस्टिल घेऊन पाठवतात, आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मुखत्यारपत्रात नेमकी सदनिका, सही करण्याचा व ताबा घेण्याचा अधिकार एवढेच लिहिणे हिताचे; ‘सर्वाधिकार’ लिहून दिल्यास तीच सदनिका विकण्याचा अधिकारही मुखत्याराच्या हाती जातो.

खर्च व कर : बांधकाम चालू असलेल्या सदनिकेवर ५ टक्के जीएसटी आहे. ४५ लाखांपर्यंतच्या आणि रायपूरसारख्या महानगर नसलेल्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंतच्या सदनिकेवर तो १ टक्का पडतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या सदनिकेवर तो नसतो. महाराष्ट्रात नोंदणी शुल्क १ टक्का आणि कमाल ३० हजार रुपये असते. छत्तीसगडने २०१९ मध्ये गाइडलाइन दर ३० टक्के उतरवले आणि नोंदणी शुल्क ०.८ वरून ४ टक्क्यांवर नेले. दरातील ती सूट २०२४ मध्ये संपली. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या अंदाजाने येथे हिशेब मांडता येत नाही. घर भाड्याने दिल्यास अनिवासी मालकाच्या भाड्यातून भाडेकरूला मुळातच कर कापावा लागतो.

विक्री व रक्कम परदेशी नेणे : समजा ८० लाखांच्या सदनिकेत ५० लाख एनआरई खात्यातून व ३० लाख एनआरओ खात्यातून गेले आणि पुढे ती १ कोटी २० लाखांना विकली. परकीय चलनातून गुंतलेले ५० लाख थेट परदेशी नेता येतात. निवासी मालमत्तांबाबत ही सवलत दोनच मालमत्तांना आहे. उरलेली रक्कम एनआरओ खात्यात जमा होते आणि कर भरून, सनदी लेखापालाच्या दाखल्यासह, दर आर्थिक वर्षी दहा लाख डॉलरच्या मर्यादेत बाहेर पाठवता येते. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर असून, जुन्या मालमत्तेसाठी निवासी भारतीयांना असलेला २० टक्के व महागाई निर्देशांकाचा पर्याय अनिवासींना नाही.

तुलना : सिंगापूर परकीय खरेदीदाराकडून एप्रिल २०२३ पासून ६० टक्के अतिरिक्त मुद्रांक शुल्क घेते. थायलंडमध्ये एका कॉन्डोमिनियम इमारतीतील ४९ टक्क्यांपर्यंतच क्षेत्र परकीयांच्या नावे असू शकते. कॅनडाने २०२३ पासून परकीयांच्या घरखरेदीवर तात्पुरती बंदी घातली आहे. भारतात परकीयांसाठी वेगळा मुद्रांक दर नाही आणि इमारतीतला हिस्साही ठरवलेला नाही. येथे चाळणी लागते ती वंश, नागरिकत्व, वास्तव्य आणि जमिनीचा प्रकार यांची.