नाव न विचारणारं टेबल

मोठ्या शहरात बाहेर खायचं म्हटलं की लोक आधी चव विचारतात, मग भाव विचारतात. मी वेगळीच गोष्ट पाहतो. आत शिरणाऱ्या माणसाला ते हॉटेल काय विचारतं, ते पाहतो. हे माझं मत कसं बनलं ते आज सांगतो आणि त्या निमित्ताने मुंबईच्या इराण्याची थोडी जुनी हकिकतही.

१९९० साली मी बी. ए. होऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून मुंबईत आलो. नोकरी फोर्टात, मुक्काम गावकीच्या खोलीत. रात्रीच्या जेवणाची सोय लावायला एका घरगुती खानावळीत गेलो. मालकांनी प्रेमाने बसवलं, गाव विचारलं, माझं बोलणं ऐकून ‘अगदी आमच्या बाजूचे’ म्हणाले. मग वहीत लिहून घ्यायला नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, ‘या महिन्यात जागा नाही हो.’ रागावले नाहीत, उलट ओशाळले. दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसातल्या मित्राला तिथेच जागा मिळाली. त्याला सगळा प्रकार कळला तेव्हा त्याने आगाऊ भरलेले पैसे सोडून दिले आणि आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या इराण्याकडे आम्लेट-पाव खायला गेलो.

अब्बा बोटीवर नोकरीला होते. ते नेहमी सांगायचे, ‘मुंबईत काही सुचेनासं झालं तर इराण्याकडे जाऊन बस. एका चहाच्या पैशात दुपार मिळते.’ त्या रात्री त्याचा अर्थ कळला.

आपल्याकडे चहाच्या पेल्यातून किती वादळं झाली आहेत ते आठवून पाहा. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली. त्यांच्यासमोर चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि गावात गहजब उडाला. रानडे आणि टिळक दोघेही त्या यादीत होते आणि दोघांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका पेल्यासाठी! पुढे रेल्वेच्या फलाटांवर ‘हिंदू पाणी’, ‘मुस्लिम पाणी’ अशी वेगळी सोय असे, ती स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत. दलितांना तर गावच्या हॉटेलात बाहेर ठेवलेली वेगळी कपबशी स्वतःच विसळून ठेवावी लागे.

अशा मुलखात इराणी आला. पारशी इथे हजारएक वर्षांपूर्वीच आले होते. ज्यांना आपण इराणी म्हणतो ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आले, बरेचसे यझ्द आणि किरमानच्या आसपासच्या खेड्यांतून. गरिबी हे एक कारण होतं. दुसरं कारण सांगताना मला मान खाली घालावी लागते. तिथल्या जरथुस्ती लोकांना जिझिया द्यावा लागे. मुसलमानासमोर घोड्यावर बसायचं नाही, पाऊस पडत असताना बाजारात फिरायचं नाही, असे निर्बंध होते. कारण त्यांच्या ओल्या अंगाचा विटाळ होतो, अशी समजूत होती. बाजारातल्या खाण्याच्या जिनसेला त्यांनी हात लावलेला चालत नसे. १८५४ साली मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे पाठवलं. त्यांच्या जवळजवळ तीन दशकांच्या खटपटीनंतर १८८२ साली शहाने जिझिया रद्द केला. माणसांच्या मनातला विटाळ मात्र हुकुमाने जात नाही. तो तिकडेही गेला नाही आणि इकडेही नाही.

आता गंमत पाहा. ज्यांच्या हाताचा तिकडे विटाळ होत होता, तेच लोक मुंबईत येऊन सगळ्या जातिधर्मांच्या माणसांना आपल्या हातचा चहा पाजू लागले. पाठोपाठ इराणचे मुसलमानही आले आणि त्यांनीही हाच धंदा धरला. पुण्याचं १९३५चं ‘गुडलक’ हे अशाच एका मुसलमान इराण्याने काढलेलं. मायदेशात जे एका पंक्तीला बसले नसते ते इथे एकाच पेशाचे झाले आणि गिऱ्हाइकांनी दोघांनाही एकच नाव दिलं, ‘इराणी’.

कोपऱ्याची जागा हिंदू व्यापाऱ्यांना अशुभ वाटायची, म्हणून ती इराण्याला स्वस्तात मिळाली, असं सांगतात. कोपऱ्याचा फायदा असा की दोन रस्त्यांवर दारं, भरपूर उजेड आणि आत कोण बसलंय ते बाहेरून दिसतं. उघड्यावर, सगळ्यांच्या देखत, एका संगमरवरी टेबलाशी गिरणीचा कामगार, कोर्टातला कारकून, गोदीतला हमाल आणि कॉलेजचा पोरगा बसलेला दिसायचा. धोबी तलावचं ‘कयानी’ १९०४चं, ग्रँट रोडचं ‘मेरवान’ १९१४चं, बॅलार्ड इस्टेटचं ‘ब्रिटानिया’ १९२३चं. एकेकाळी शहरात अशी शेकडो हॉटेलं होती. ब्रुन-मस्का, खारी, मावा केक, ‘पानी कम’ चहा. घरी पाव आणला तर आजी अंघोळ करायला लावेल अशा घरातली मुलंसुद्धा इथे गुपचूप येऊन पाव चहात बुडवून गेली.

इराण्याच्या भिंतीवर सूचनांचा फलक असायचा. धोबी तलावच्या ‘बास्तानी’तल्या फलकावरून निसिम इझिकेल यांनी कविताही केली. हे करू नका, ते करू नका, अशी लांबलचक यादी. लोक हसायचे. मला त्या फलकाबद्दल आदर वाटतो. तिथे मनाई होती ती वागण्याला, माणसाला नव्हती.

सगळे इराणी संत होते, असं माझं म्हणणं नाही. गल्ल्यावरचा शेठ तिरसट असायचा, सुट्ट्या पैशांवरून भांडायचा. त्याला धंदा करायचा होता आणि शहर सगळ्यांचं होतं, म्हणून गिऱ्हाइकही सगळंच हवं होतं. पण चांगुलपणा धंद्याच्या वाटेने आला म्हणून कमी होत नाही.

१९९३च्या जानेवारीत शहर पेटलं तेव्हा कितीतरी दिवस मी खोलीबाहेर पडलो नाही. पुन्हा कामावर जाऊ लागलो त्या सकाळी इराण्याचं शटर अर्धं उघडं होतं. मी वाकून आत गेलो. तीन वर्षं मी तिथे रोज बसत होतो आणि शेठने माझं नाव कधी विचारलं नव्हतं. त्या सकाळीही विचारलं नाही. पोऱ्याला म्हणाला, ‘इनको गरम देना.’ बस. मी चहा प्यायलो आणि कामाला गेलो.

पुढे जागांचे भाव चढले, वारस परदेशी गेले किंवा दुसऱ्या पेशात शिरले. काही इराण्यांनी परमिट रूम काढल्या. काही कोपऱ्यांवर बँका आणि औषधांची दुकानं आली. माझा इराणीही गेला. धंदे येतात-जातात, त्याचं रडगाणं मी गाणार नाही. शाकाहारी हॉटेलांच्या पाट्यांशीही माझं भांडण नाही. पाटी ताटातल्या पदार्थाबद्दल बोलते तोवर ठीक आहे; ती टेबलावरच्या माणसाबद्दल बोलू लागली की मी उठतो.

मध्यंतरी मुलीने मला एका नव्या, चकचकीत हॉटेलात नेलं. दारातच एका हसतमुख तरुणाने नाव आणि मोबाइल नंबर विचारला. जागा झाली की निरोप पाठवायला ते लागतं, हे मलाही कळतं. त्याच्या मनात काही नव्हतं. तरीही नाव सांगताना माझी जीभ क्षणभर अडली. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे होऊन स्वतःचं नाव मोठ्याने, स्पष्ट सांगितलं. तरुणाने ते लिहून घेतलं आणि पाचच मिनिटांत आम्हाला खिडकीजवळची जागा दिली.

जेवण कसं होतं, ते मात्र मला आठवत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)