बाया कर्वे : एक पुण्यस्मरण

शाळेत अध्यापन करीत असताना महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यावरील धडा मी पुष्कळ वर्षे शिकविला. एकदा एका चुणचुणीत मुलीने विचारले, "गुरुजी, महर्षी आश्रमासाठी रोज एवढी पायपीट करीत, मग त्यांचे घर कोण सांभाळी?" मी "त्यांच्या पत्नी" एवढेच म्हणालो. ते उत्तर अपुरे होते, ही टोचणी अजून गेलेली नाही. प्रस्तुत लेख ही त्या उत्तराची भरपाई होय.

बायांचे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखचे; माहेरचे नाव गोदूबाई जोशी. संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच, वयाच्या आठव्या वर्षी, त्यांस वैधव्य आले. पुढे बंधू नरहरपंतांनी त्यांना मुंबईस आणले. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी तेथे शारदासदन उघडले, तेव्हा त्यातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होण्याचा मान गोदूबाईंस मिळाला. नरहरपंतांचे स्नेही असलेल्या कर्व्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई १८९१ साली निवर्तल्या. पुनश्च विवाह करावयाचा तर विधवेशीच, असा निश्चय करून त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंचे पाणिग्रहण केले. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. लोकांच्या तोंडी मात्र 'बाया' हेच नाव राहिले.

या विवाहाची वार्ता मुरुडास पोचताच गावाने सभा भरविली व बहिष्काराचा ठराव केला. कर्वे घरी उतरले तर घरच्यांनाही वाळीत टाकावे, इथपर्यंत मजल गेली. हा ठराव करणारे कोणी परके नव्हते, ते आपलेच ज्ञातिबांधव होते. ज्ञातीच्या स्मरणिकेत ही गोष्ट झाकून ठेवणे उचित नव्हे, म्हणूनच ती येथे नमूद करीत आहे.

बायांचे खरे सत्त्व याहून कठीण प्रसंगी दिसले. १८९६ साली कर्व्यांनी अनाथबालिकाश्रम काढला व १९०० साली तो हिंगण्यास नेला. विधवांचे पालक बिचकू नयेत म्हणून पुनर्विवाहाच्या चळवळीपासून आश्रम कटाक्षाने अलग ठेवणे त्यांना प्राप्त झाले. आणि त्यामुळे स्वतःच्या पुनर्विवाहित पत्नीलाही आरंभी दूर ठेवावे लागले. बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले विधवा असल्यामुळे आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या, निधीसाठी अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या; बायांना मात्र उंबरठ्याबाहेर थांबावे लागले. एकाच आईच्या या दोन लेकी! पतीची मिळकत आश्रमाकडे वाहत असता घरची चूल पेटती ठेवणे, हेही बायांच्याच वाट्याचे. हे सर्व त्यांनी निमूटपणे सोसले असे मात्र समजू नये. त्या रागावत, भांडत, आणि पुन्हा पदर खोचून कामाला लागत. आपल्या 'माझे पुराण' या आत्मवृत्तात त्यांनी कर्व्यांच्या संसाराची ही दुसरी बाजू निर्भीडपणे मांडली आहे.

त्या घराचे फळ महाराष्ट्राने पाहिले. थोरले रघुनाथराव, राधाबाईंचे पुत्र, 'समाजस्वास्थ्य' मासिकाने गाजले. बायांच्या तीन पुत्रांपैकी शंकरराव डॉक्टर झाले, दिनकरराव फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, तर भास्करराव हिंगण्याच्या संस्थेच्या सेवेत राहिले. मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई याच घरच्या सूनबाई. भरल्या घरातून बायांनी १९५० साली जगाचा निरोप घेतला. १९५८ साली महर्षींना 'भारतरत्न' मिळाले, तो सोहळा पाहावयास त्या नव्हत्या.

ज्ञातिबांधवहो, आपण आज कर्वे घराण्याचा अभिमान मिरवितो. ज्या ज्ञातीने एकदा ठराव करून दार लावून घेतले, तिने त्या माउलीचे नाव पतीच्या नावामागे झाकले जाऊ देऊ नये, एवढे तरी प्रायश्चित्त आपल्याकडून घडावे. आणि आपापल्या घरी ज्या वृद्ध आजी, पणजी असतील, त्यांच्याजवळ घटकाभर बसून त्यांचे 'पुराण' त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे, ही सर्वांस नम्र विनंती. त्या गेल्यावर सांगणारे कोणी उरत नाही.