नागरिकांची शिफारस आणि सत्तेची सोय

भारतीय राज्यघटनेच्या ३६८ व्या अनुच्छेदात घटनादुरुस्तीची सारी रीत सांगितली आहे. विधेयक संसदेच्या कोणत्याही एका सभागृहात मांडावे, दोन्ही सभागृहांनी ते विशेष बहुमताने संमत करावे आणि काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता घ्यावी. या रीतीत नागरिकाला जागा नाही. अमेरिकेच्या घटनेने दोन-तृतीयांश राज्यांच्या मागणीवरून घटनापरिषद बोलावण्याची वाट ठेवली आहे. त्या वाटेने आजवर कोणी गेले नाही, पण ती कागदावर तरी आहे. आयर्लंडमध्ये २०१२ साली शंभर जणांची परिषद नेमली गेली. तिच्यात ६६ सामान्य नागरिक होते आणि तिच्या शिफारशीवरून २०१५ मध्ये समलिंगी विवाहाबाबत सार्वमत झाले. आपल्याकडे नागरिकांनी एकत्र यावे, विचारविनिमय करावा, मसुदा तयार करावा आणि तो सत्तेच्या उंबरठ्यावर ठेवून परत फिरावे, एवढेच त्यांच्या हाती असते. उंबरठ्यावर ठेवलेल्या अशा एका मसुद्याचे पुढच्या पन्नास वर्षांत काय झाले, ते येथे पाहावयाचे आहे.

हा मसुदा न्या. विठ्ठल महादेव तारकुंडे यांच्या नावाने ओळखला जातो. तारकुंडे मूळचे सासवडचे. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा होता आणि रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचे ते सरचिटणीस होते. रॉय यांनी १९४४ साली स्वतंत्र भारताच्या घटनेचा एक मसुदा प्रसिद्ध केला. गावोगावच्या लोकसमित्यांवर राज्यसंस्था उभी करावी, सत्ता खालून वर जावी, ही त्यातील मूळ कल्पना. पुढे घटनासमितीने वेगळी वाट धरली आणि रॉय यांचा पक्षही १९४८ साली विसर्जित झाला. कल्पना मात्र त्यांच्या अनुयायांच्या मनात राहिली. तारकुंडे १९५७ ते १९६९ या काळात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. जयप्रकाश नारायण यांनी १९७४ साली 'सिटिझन्स फॉर डेमोक्रसी' ही संस्था स्थापन केली आणि तिच्या वतीने निवडणूक सुधारणांसाठी एक समिती नेमली, तेव्हा तिचे अध्यक्षपद तारकुंड्यांकडे आले.

या समितीला सरकारचा आदेश नव्हता, अनुदान नव्हते, अहवाल स्वीकारण्याचे बंधन कोणावर नव्हते. तिचे सदस्य मात्र पोक्त अनुभवाचे होते. मिनू मसानी हे घटनासमितीचे सदस्य आणि मुंबईचे माजी महापौर. पुरुषोत्तम मावळणकर हे लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर यांचे चिरंजीव आणि स्वतः अपक्ष खासदार. अब्दुल गफूर नूराणी हे मुंबईचे घटनाभ्यासक वकील. फेब्रुवारी १९७५ मध्ये समितीचा अहवाल आला. मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणावे. निवडणूक आयोग तीन सदस्यांचा असावा. त्यांची नेमणूक पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने व्हावी. आकाशवाणी आणि दूरदर्शन सरकारच्या ताब्यातून काढून स्वायत्त महामंडळाकडे द्यावे. आणि मतदारसंघांमध्ये मतदारांनी स्वतःची मंडळे स्थापून निवडणुकीवर लक्ष ठेवावे, या त्यातील ठळक शिफारशी. शेवटच्या शिफारशीत रॉय यांच्या लोकसमित्यांची आठवण जागी आहे, हे वाचकांच्या सहज ध्यानात येईल.

अहवालाला पाच महिने होण्यापूर्वीच, २५ जून १९७५ रोजी, आणीबाणी पुकारली गेली. आता शिफारशी दूरच राहिल्या, घटनेवर बोलण्यासाठी जमणेही कठीण झाले. १८ ऑक्टोबर १९७५ रोजी मुंबईच्या वकिलांनी जिना हॉलमध्ये 'घटनेखालील नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य' या विषयावर निमंत्रितांची खासगी परिषद ठरवली. उद्घाटन माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा करणार होते आणि अध्यक्षस्थानी न्या. छागला असणार होते. हे सभागृहच मुळी लोकांच्या वर्गणीतून उभे राहिलेले. १९१८ साली गव्हर्नर विलिंग्डन यांच्या गौरवाला बॅ. जिनांच्या नेतृत्वाखाली मुंबईकरांनी विरोध केला, त्याची ती आठवण. छागलांनी वकिलीचे पहिले धडे जिनांच्याच चेंबरमध्ये गिरवले होते. पोलीस आयुक्तांनी परिषदेला परवानगी नाकारली.

माजी न्यायाधीश न. प. नथवाणी आणि त्यांचे सहकारी उच्च न्यायालयात गेले. अनुच्छेद १९ खालील स्वातंत्र्ये तेव्हा स्थगित होती. तरीही डिसेंबर १९७५ मध्ये न्यायालयाने पोलिसांचा आदेश रद्द ठरवला. तोपर्यंत परिषदेची तारीख उलटून गेली होती. निवाडा नागरिकांच्या बाजूने लागला, परंतु ज्या दिवशी बोलायचे होते तो दिवस परत येणार नव्हता. पुढल्याच वर्षी, अनेक विरोधी नेते तुरुंगात असताना, संसदेने ४२ वी घटनादुरुस्ती संमत केली आणि तीत लोकसभेची मुदत पाचावरून सहा वर्षांवर नेली. नागरिकांना घटनेवर बोलण्याची परवानगी नव्हती. सत्तेला मात्र स्वतःचे आयुष्य वाढवून घेण्यास कोणाची परवानगी लागली नाही. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ही मुदत पुन्हा पाच वर्षांची केली.

तारकुंडे समितीच्या शिफारशींचे पुढचे चरित्र मोठे बोधप्रद आहे. मतदानाचे वय ६१ व्या घटनादुरुस्तीने अठरा झाले आणि ते मार्च १९८९ पासून अमलात आले. यात सत्ताधाऱ्यांना काही सोडावे लागत नव्हते. उलट कोट्यवधी नवे मतदार आपले ठरतील अशी आशा होती. निवडणूक आयोग १९८९ च्या ऑक्टोबरात तीन सदस्यांचा झाला, काही महिन्यांतच पुन्हा एकसदस्य झाला आणि १ ऑक्टोबर १९९३ पासून कायमचा तीन सदस्यांचा झाला. तेव्हा शेषन आयुक्त होते. आयोगाला बळ द्यावे म्हणून हे झाले की शेषन यांना आवर घालावा म्हणून, याची चर्चा त्या काळी पुष्कळ झाली. प्रसारणाच्या स्वायत्ततेसाठी प्रसारभारतीचा कायदा १९९० मध्ये झाला आणि अमलात येण्यास १९९७ साल उजाडले.

उरली नेमणुकीची शिफारस. तीत सत्तेला आपल्या हातातील काही खरोखर सोडावे लागणार होते, म्हणून ती सर्वांत जास्त काळ पडून राहिली. २ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अनुप बरनवाल खटल्यात निवाडा दिला, की संसद कायदा करीपर्यंत आयुक्तांची नेमणूक पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने व्हावी. तारकुंड्यांच्या अहवालातील रचना अठ्ठेचाळीस वर्षांनी न्यायालयाच्या तोंडून उमटली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला एक केंद्रीय मंत्री बसवला. तिघांपैकी दोघे सरकारचे झाले.

यावरून आम्हांस असे वाटते की, नागरिकांच्या शिफारशीचे भवितव्य तिच्या शहाणपणावर फारसे अवलंबून नसते. जी सत्तेच्या सोयीची ती उशिरा का होईना स्वीकारली जाते. जी सत्तेला वाटेकरी देते तिची अक्षरे स्वीकारली जातात आणि अर्थ काढून घेतला जातो. आमच्या मुंबई उपनगरांत याचा पडताळा घरबसल्या मिळतो. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तिने प्रभाग समित्या दिल्या, पण मुंबईत एकेका समितीखाली लाखो माणसे आली आणि नागरिकाला तेथे आवाज राहिला नाही. पालिकेची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असेही घटनेने सांगितले. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड यांना एकही नगरसेवक नव्हता. घटनेतील शब्द जागच्या जागी होते.

तरीही तारकुंड्यांची एक शिफारस अशी आहे की तिला संसदेची संमती लागत नाही. मतदारांनी स्वतःची मंडळे स्थापावीत, ही ती शिफारस. अंधेरी पश्चिमेकडील जुहूच्या रहिवाशांनी २००७ च्या पालिका निवडणुकीत आपला एकमताचा उमेदवार उभा केला आणि ६३ क्रमांकाच्या प्रभागातून अ‍ॅडॉल्फ डिसूझा हे अपक्ष म्हणून निवडून आले. पक्षांच्या तिकिटावाचून हे घडू शकते, हे त्या प्रभागाने दाखवले; पुढे शहरभर मात्र त्याचे अनुकरण रुजले नाही. त्याचा दोष सत्तेच्या माथी मारता येत नाही. आमच्या गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या ठरावावर दोन तास खडाजंगी होते, इतिवृत्तातील एकेका शब्दावर हरकत घेतली जाते. नियम, गणसंख्या, लेखी हरकत ही सारी शिस्त या माणसांना अवगत आहे. तीच माणसे प्रभागाच्या सभेसाठी जमलेली आम्ही क्वचितच पाहिली.

आमच्या वर्गात बसणारी अठरा-एकोणीस वर्षांची मुले आता मतदान करतात. त्यांना हा हक्क मिळण्याच्या चौदा वर्षे आधी सासवडच्या एका निवृत्त न्यायाधीशाने तो लिहून मागितला होता, हे त्यांच्या पाठ्यपुस्तकात नाही. तारकुंडे २००४ साली वारले. त्यांच्या अहवालातील जे सरकारने द्यायचे होते, त्याचा हिशेब वर मांडला आहे. जे मतदारांनी स्वतः करायचे होते, त्याचे पान अजून बव्हंशी कोरे आहे.